‘कमर्शियल लॉच का?’ या प्रश्नाला मुंबईच्या फर्मला काय लिहू?

काजूगर_२४० (वेंगुर्ला)

नमस्कार. मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याआधी बी.कॉम. केलं. मुंबईतल्या कॉर्पोरेट फर्म्समध्ये असोसिएटच्या जागांसाठी अर्ज भरते आहे. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असतोच: तुम्हाला कमर्शियल लॉमध्ये करिअर का करायचं आहे? कुठे ३०० शब्द देतात, कुठे ५००. बाकीचा फॉर्म मी तासाभरात भरते आणि इथे येऊन थांबते.

कारण माझ्याकडे आहे, म्हणून तर जास्त त्रास होतो. माझ्या काकांचा वेंगुर्ला तालुक्यात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बी वाळवणं, बॉयलरवर वाफवणं, फोडणं, ओव्हन, सोलणी, ग्रेडिंग, सगळं तिथेच. कामाला बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका. बारावीपासून कारखान्याच्या वह्या मी लिहिते. आपली गावठी बी मार्च ते मे मिळते, पण कारखाना वर्षभर चालवायचा तर बाहेरची बी घ्यावी लागते. आयव्हरी कोस्ट, टांझानिया. आमच्यासारखे छोटे कारखानदार ती थेट मागवू शकत नाहीत. न्हावा शेवाला कंटेनर उतरवणाऱ्या मुंबईच्या आयातदाराकडून घेतात.

मी बी.कॉम.ला असताना एक माल आला. करार म्हणजे एक पान. त्यावर दर, वजन, आणि उतारा ४८ पौंड, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून ४८ पौंड काजूगर निघेल. बाकी ‘सॅम्पलप्रमाणे’. माल आला, उतरवला, खळ्यात पसरला, अर्धा वाफवून झाला आणि उतारा ४३ च्या वर जाईना. काकांनी फोन केला. समोरचे म्हणाले, सॅम्पल तुम्ही पास केलंत, माल ताब्यात घेतलात, आता आमचा संबंध नाही. शेवटी थोडी रक्कम सोडून त्यांनी विषय मिटवला. त्या हंगामात काकांनी सोलणीच्या बायकांचे दिवस कमी केले. कोणाचे किती कमी झाले ते मला वहीत लिहायचं होतं, त्यामुळे ते आकडे अजून डोळ्यांसमोर आहेत.

पुढे एलएलबीला माल विक्री अधिनियम, १९३० शिकताना कलम ४२ आलं. माल आल्यावर विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत अशी कुठलीही कृती खरेदीदाराने केली, तर त्याने माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे पहिलं पोतं बॉयलरमध्ये रिकामं झालं त्या क्षणी माल परत करायचा हक्क संपला होता. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ठरलं की मला करारांचं काम करायचंय.

आता अडचण. आमचे एक सर म्हणाले, असलं घरगुती लिहू नकोस, विलीनीकरण, खाजगी गुंतवणूक, असं मोठं लिही. वर्गातल्या मैत्रिणीचा अर्ज वाचला तर त्यात पॅशनेट, डायनॅमिक, फास्ट-पेस्ड असे शब्द आहेत आणि तिला मुलाखतीला बोलावणं आलंय. घरचे म्हणतात हे सगळं सोड, एमपीएससीची जेएमएफसी दे, जिल्ह्यात न्यायाधीश हो. आणि सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही, की मोठ्या फर्मचे अशील त्या आयातदारासारखेच असणार, काकांसारखे नाहीत. मग हे कारण सांगून मी तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?

ज्यांनी अशा मुलाखती दिल्यात किंवा घेतल्यात त्यांनी कृपया सांगा.

मांडवी_जेट्टी (रत्नागिरी, सध्या मुंबई)

अभिनंदन आधी, शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करते आहेस हे बरं. मी एका फर्ममध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे ताजं ताजं सांगते.

पहिल्या वर्षात वाटाघाटी, मोठमोठ्या बैठका असं काही वाट्याला येत नाही. मी जे केलं ते असं: एका कंपनीचे भाडेकरार वाचून तक्ता बनवणं (कुठला कधी संपतो, नियंत्रण बदललं तर घरमालकाची संमती लागते का), संचालक मंडळाचे ठराव तपासणं, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली कुठल्या दस्तावर किती मुद्रांक लागेल ते काढणं, व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी कुठल्या अटी बाकी आहेत त्याची यादी रोज संध्याकाळी अद्ययावत करणं. म्हणून ‘मला वाटाघाटी आवडतात’ असं लिहिलंस तर पॅनेलला कळतं की हिला काम माहीत नाही. त्याऐवजी इंटर्नशिपमध्ये स्वतः केलेलं एखादं काम लिही, अगदी कंटाळवाणं असलं तरी, आणि त्यात तुला काय दिसलं ते.

काकांचा कारखाना दोन ओळींत आटप असं मला वाटतं. उरलेली जागा फर्मबद्दल. त्यांनी गेल्या वर्षभरात कुठली कामं केली ते त्यांच्या वेबसाइटवर आणि पेपरात असतं. सगळ्यांना एकच उत्तर पाठवू नकोस.

अंजनवेल (गुहागर)

काजूगर, तुझी पोस्ट मी दोनदा वाचली. मी एका उत्पादन कंपनीच्या विधी विभागात आहे, त्याआधी काही वर्षं फर्ममध्ये होते, आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती दोन्हीकडे घेतल्या आहेत. मांडवीने कामाबद्दल सांगितलंय ते शब्दशः खरं आहे, ते डोक्यात ठेव. पण दोन ओळींत आटपण्याबाबत माझं मत उलट आहे. तुझ्याकडे जे आहे ते बहुतेक अर्जांत नसतं. ते कापू नकोस, त्याचा रोख बदल.

आत्ता तू जसं सांगतेस तशी ती अन्यायाची गोष्ट आहे. काका चांगले, समोरचा वाईट, आणि मी वकील होणार. वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल, पण त्याला तुझ्याकडून जे कळायला हवं ते कळणार नाही. त्याला बघायचंय की नुकसान झाल्यावर तुझं डोकं कुठे गेलं. ते कलम ४२ पर्यंत गेलं, आणि हे मोलाचं आहे. पण तू तिथेच थांबलीस. अजून दोन पावलं पुढे जा.

पहिलं पाऊल: कलम ४२ मुळे माल परत करायचा हक्क गेला, सगळंच गेलं नाही. कलम १३ वाच. स्वीकारलेल्या मालाबाबत अटीचा भंग हा हमीचा भंग म्हणून धरता येतो, आणि कलम ५९ प्रमाणे खरेदीदार किमतीतून तेवढी घट मागू शकतो किंवा भरपाईचा दावा लावू शकतो. मग काकांचं अडलं कुठे? पुराव्यात. पोती एकमेकांत मिसळली, अर्धी वाफवली गेली, आणि दोघांना मान्य असा कटिंग टेस्टचा (नमुन्याची बी फोडून उतारा मोजतात त्या चाचणीचा) अहवाल कोणाकडेच नव्हता. ४३ हा आकडा तुमच्या खळ्यातला, ४८ त्यांच्या कागदावरचा.

दुसरं पाऊल माझ्या मते तुझ्या उत्तराचा गाभा आहे: तो कागद तू लिहिला असतास तर त्यात काय असतं? उतारा कुठे मोजायचा, गोदामात की कारखान्याच्या दारात? सॅम्पल दोघांच्या समोर काढायचं का, आणि प्रत्येक कंटेनरमधल्या किती पोत्यांतून? सर्व्हेअर, म्हणजे माल तपासणारा त्रयस्थ, कोणी नेमायचा, खर्च कोणाचा? माल आल्यापासून किती दिवसांत तक्रार करायची? ४८ च्या खाली प्रत्येक पौंडामागे दर किती कमी, आणि कुठल्या आकड्याखाली सगळा माल नाकारायचा? कच्च्या काजूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात उतारा, ओलावा आणि नाकारण्याची मर्यादा हे करारात लिहिणं रूढ आहे. म्हणजे त्या आयातदाराच्या आफ्रिकेतल्या पुरवठादाराबरोबरच्या करारात ते बहुधा होतं. त्याला वरून संरक्षण होतं, ते खाली काकांच्या कागदापर्यंत आलं नाही. साखळीत जोखीम कुठे येऊन थांबते आणि ती तिथे कोणत्या वाक्यामुळे, किंवा न लिहिलेल्या वाक्यामुळे थांबते, हे बघणं म्हणजेच कमर्शियल वकिलाचं काम. हे तू १९ वर्षांची असताना वहीत बघितलं आहेस. मोठ्या विलीनीकरणाच्या करारातही प्रश्न हाच असतो. तिथे पोत्यांच्या जागी कंपनीचे जुने करदावे असतात, इतकंच.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण मला हे का इतकं जिवाभावाचं आहे ते कळायला हवं. माझं गाव वाशिष्ठीच्या मुखावर, गोपाळगडाच्या पायथ्याशी. लोक ज्याला दाभोळचा प्रकल्प म्हणतात तो खरा आमच्या अंजनवेलच्या बाजूला आहे, दाभोळ खाडीच्या पलीकडे. १९९३ च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये राज्यात नवं सरकार आलं, त्याने तो रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन काम चालू झालं. १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. मी तेव्हा शाळेत होते. रोज खाडी ओलांडताना मोठी माणसं भांडायची, कोण म्हणायचं पुढाऱ्यांनी खाल्लं, कोण म्हणायचं अमेरिकनांनी लुटलं. पण उभा प्रकल्प, वीज तयार, राज्यात भारनियमन, आणि तरी घेणारा वीज घेत नाही, हे का, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

लॉ कॉलेजात असताना त्या कराराबद्दल जे छापून आलं होतं ते सगळं मिळवून वाचलं. मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प तयार ठेवल्याबद्दलचं ठरलेलं शुल्क, द्यायचाच होता. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधन नाफ्था, त्याची किंमतही आंतरराष्ट्रीय बाजारावर. रुपया घसरला, तेल चढलं की ओझं मंडळावर. पाठीशी राज्य सरकारची हमी आणि तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी. म्हणजे तीन-चार वाक्यांनी ठरवून टाकलं होतं की काही बिघडलं तर भार कुठल्या बाजूला पडेल. आमच्या गावात ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांना कंत्राटी काम मिळालं आणि मग सुटलं, त्यांच्यापैकी कोणीही ती वाक्यं पाहिली नव्हती. मला आजही वाटतं की कोकणातल्या प्रत्येक वकिलाने तो इतिहास बारकाईने वाचायला हवा, राजकारणासाठी नाही, करार कसा वागतो ते समजण्यासाठी. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून तो प्रकल्प पुन्हा उभा करावा लागला, त्यातही वकिलांची प्रचंड मेहनत आहे.

मी माझ्या पहिल्या मुलाखतीत हेच सांगितलं. मला विचारलं गेलं, मग तुम्ही मंडळाच्या बाजूने असता तर कुठलं कलम बदललं असतं? मी डॉलरचं म्हटलं आणि त्यावर चर्चा झाली. आता मुलाखत घेताना मी समोरच्याला तसाच प्रश्न विचारते. ‘पॅशनेट’ लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्नच विचारता येत नाही, हा त्या शब्दाचा खरा तोटा आहे. तुझ्या मैत्रिणीला बोलावणं आलं म्हणजे तिचे गुण किंवा इंटर्नशिप चांगल्या असतील. खोलीत गेल्यावर तिलाही ‘का’ सांगावंच लागेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तुला टोचतो. हा प्रश्न पॅनेल विचारणार, मी तर नक्की विचारीन: उद्या तो आयातदार आमचा अशील असेल तर? याला गोड उत्तर देऊ नकोस. ‘मी नेहमी दुर्बलांच्या बाजूने उभी राहीन’ असं म्हणालीस तर फर्म तुला घेणार नाही, आणि तिचं बरोबर असेल, कारण अशिलाला आपला वकील मनातून दुसऱ्याचा आहे असं वाटून चालत नाही. ‘मला फरक पडत नाही’ म्हणालीस तर मी तरी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

मला जे खरं वाटतं ते सांगते. आयातदार माझा अशील असता तर मी त्याच्यासाठी कडक करार लिहिला असता. तक्रारीची मुदत कमी, नाकारण्याची मर्यादा त्याला परवडेल अशी. पण ती मुदत आणि ती मर्यादा कागदावर स्पष्ट असती. काकांना सही करण्याआधी कळलं असतं की इथे ४५ पर्यंत आपल्याला सोसायचं आहे, आणि त्यांनी दर तसा मागितला असता, नाहीतर दुसरीकडून बी घेतली असती. आयातदाराचाही फायदा, कारण धूसर करारात खरेदीदार पुढचं पेमेंट अडवतो आणि पुढच्या वर्षी परत येत नाही. एका बाजूचं काम निष्ठेने करणं आणि कागद प्रामाणिक ठेवणं या दोन गोष्टी एकत्र नांदतात, हे मी इतकी वर्षं रोज करते म्हणून सांगते. हे मनापासून पटत असेल तरच म्हण. पटत नसेल तर तुझी जागा बहुधा दुसरीकडे आहे, आणि ती काही कमी दर्जाची जागा नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. अर्जात काकांचा धंदा लिहिलास तर मुलाखतीत स्वतःहून सांग की तो आयातदार किंवा काकांचे खरेदीदार फर्मचे अशील असतील तर तुला त्या कामापासून बाजूला ठेवावं लागेल. हितसंबंधाचा विचार तू आधीच केला आहेस हे दिसलं की पॅनेलवरची माणसं वही बंद करून तुझ्याकडे बघायला लागतात.

ओरोस_कोर्ट (कुडाळ)

गो बाय, तुझा सगळा वाचलंय. काकाचा नुकसान वाचून वायट वाटला. पण माका एक सांगाचा आसा. कमर्शियल लॉ म्हणजे फक्त मुंबयच, असा समजू नको.

आता सगळ्यांसाठी नीट लिहितो. मी सिंधुदुर्गात वीस वर्षांच्या वर वकिली करतो आहे. वाणिज्यिक न्यायालय अधिनियम २०१५ चा. तेव्हा दाव्याची किमान रक्कम एक कोटी होती, त्यामुळे आमच्याकडे कोणी त्याचं नाव काढत नसे. २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आली. तीन लाख म्हणजे काजूचा एक छोटा व्यवहार, मासळीच्या बर्फाचं एका हंगामाचं बिल, आंब्याच्या एका बागेचा करार. त्याच दुरुस्तीने कलम १२क आलं: तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ती बंधनकारक ठरवली. मध्यस्थी टाळून दाखल केलेले दावे फेटाळले जाताना मी पाहिले आहेत. आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

हे तुला सांगतो कारण कोणीतरी तुला विचारणारच, की हे सगळं वेंगुर्ल्यात बसूनही करता येतं, मुंबईलाच का? ‘इथे स्कोप नाही’ म्हणू नकोस, ते आता खरं नाही. आमच्याकडे प्रकरण येतं तेव्हा नुकसान झालेलं असतं. तुला ते होण्याआधीच्या टेबलावर बसायचं असेल तर तसं सांग, ते कारण मला पटेल.

अजून एक. तू फक्त बी खरेदीचं लिहिलंस. काजूगर विकताना काकांचं पेमेंट अडतं का? अडत असेल तर एमएसएमई विकास अधिनियम २००६ चं कलम १५ बघ. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करारच नसेल तर १५. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. दिवाळखोरी संहितेचा धाक आता छोट्या येण्यांना उपयोगी नाही, २०२० मध्ये अर्जासाठी लागणारी किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटी झाली. काकाक सांग, कागदपत्रां फायलीत लावून ठेव म्हणान.

काजूगर_२४०

अंजनवेलताई, मांडवीताई, वकीलसाहेब, तुम्ही तिघांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. वकीलसाहेब, तुमचं वाचून काकांना विचारलं. काकांची उद्यम नोंदणी आहे. आणि एक गोष्ट कळली जी मला माहीत नव्हती: डब्ल्यू ३२० (काजूगराची एक प्रत) घेणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या अकाउंटंटने गेल्या मार्चमध्ये स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागितलं आणि जुनी बाकी ३१ तारखेच्या आत भरून टाकली. काकांना वाटलं माणूस सुधारला. मी शोधलं तर १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला आयकरातला बदल सापडला. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला कलम १५ च्या मुदतीनंतर दिलेले पैसे, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येतात. म्हणजे व्याजाच्या तरतुदीने इतकी वर्षं जे झालं नाही ते करामुळे झालं.

ताई, तुम्ही म्हणालात तो कागद मी खरंच लिहून काढला, काकांच्या शेजारी बसून. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कधीच सुचल्या नसत्या. पावसाळ्यात ट्रकमधून येतानाच ओलावा वाढतो, म्हणून ओलावा मोजायची जागा आणि उतारा मोजायची जागा वेगळी हवी. आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल कुठे ठेवायचा, कारण छोट्या कारखान्याकडे तेवढं गोदामच नसतं. मुदत सात दिवसांची लिहिली तर माल तोवर उघड्यावर राहील. म्हणून काकांनी तीन दिवस म्हटलं. मला वाटत होतं खरेदीदाराला जास्त मुदत हवी असते.

हा उत्तराचा मसुदा आहे, कृपया बघा:

‘लहानपणापासून मला कायद्याची आवड आहे. माझे काका वेंगुर्ल्यात काजू प्रक्रिया करतात. त्यांच्या वह्या लिहिताना मी एका खरेदीत उतारा ४८ ऐवजी ४३ आल्याने झालेलं नुकसान पाहिलं. पुढे माल विक्री अधिनियम शिकताना लक्षात आलं की माल नाकारण्याचा हक्क पहिल्या प्रक्रियेबरोबर संपला होता, आणि किंमत कमी करून घेण्याचा हक्क होता पण मोजणीची पद्धत ठरलेली नसल्याने तो वापरता आला नाही. मी त्या व्यवहारासाठी नव्याने गुणवत्तेचं कलम लिहून पाहिलं. ते लिहिताना कळलं की मुदत किती ठेवायची हे गोदामाच्या जागेवर अवलंबून असतं. मला असं काम करायचं आहे जिथे कलम लिहिण्याआधी धंदा समजून घ्यावा लागतो. आपल्या फर्मच्या नावलौकिकामुळे मला ही संधी आपल्याकडे मिळावी अशी इच्छा आहे.’

वकिली की न्यायाधीशपद यावर काही लिहावं का? आणि हे सगळं इंग्रजीत लिहिताना उतारा, खळं वगैरेचं काय करू?

अंजनवेल (गुहागर)

मधली सहा वाक्यं फार चांगली आहेत. गोदामाच्या जागेचं वाक्य वाचून मी माझ्या टीमला दाखवलं (तुझं नाव-गाव न सांगता).

पहिलं वाक्य काढ. लहानपणची आवड कोणी तपासू शकत नाही आणि तुझी गोष्ट वहीपासून सुरू होते, तीच सुरुवात ठेव. शेवटचं वाक्यही काढ, ते कुठल्याही फर्मला चालेल. मांडवीने सांगितलेलं इथे वापर: ज्या फर्मला पाठवते आहेस तिने शेतमाल, अन्नप्रक्रिया, जहाजवाहतूक किंवा आयात-निर्यात यांतलं काय केलंय ते शोध आणि एका वाक्यात जोड. काहीच सापडलं नाही तर ती फर्म तुझ्या यादीत का आहे हा प्रश्न स्वतःला विचार.

अकाउंटंटचा किस्सा लेखी उत्तरात घालू नकोस, गर्दी होईल. तो मुलाखतीसाठी ठेव. ‘अलीकडे कायद्यातल्या कुठल्या बदलाचा धंद्यावर परिणाम झालेला तुम्ही पाहिलात’ असं हमखास विचारतात, आणि बहुतेकजण आदल्या रात्री वाचलेलं सांगतात. तुझ्याकडे ३१ मार्चच्या आत आलेले पैसे आहेत. पण आयातदाराचं नाव, व्यापाऱ्याचं नाव, खरे दर यातलं काहीही कोणत्याही मुलाखतीत उच्चारू नकोस, विचारलं तरी. नम्रपणे ‘ते मी सांगू शकत नाही’ म्हण. गुप्तता पाळता येते हे दाखवायची ती चांगली जागा आहे.

न्यायाधीशपदाबद्दल लिहू नकोस, विचारलं तर सांग. न्यायाधीशासमोर व्यवहार मोडल्यावर येतो, तुला तो जुळताना हजर राहायचंय. घरच्यांनाही हेच सांगून बघ, कदाचित फॉर्मपेक्षा तिथे जास्त वेळ लागेल.

इंग्रजीत उताऱ्यासाठी व्यापारातला आउटटर्न हा शब्द वापर आणि पहिल्यांदा आला की अर्ध्या वाक्यात समजावून सांग: ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर. पॅनेलवर काजू माहीत असलेलं कोणी नसेल असं धरून लिही. खळं सरळ ड्रायिंग यार्ड.

सोलणीच्या बायकांचे दिवस कमी झाले ते मसुद्यातून गळलंय. ते एका वाक्यात परत घे. भावनेसाठी नको, नुकसान शेवटी कुठे पोचलं ते दिसावं म्हणून. वही तूच लिहीत होतीस, आकडा तुझ्याकडे आहे, तो दे.